डायबेटिस नाही, मग शुगर ४५ कशी?

नमस्कार मंडळी! पहाटेची वेळ. कॅन्सरचा पेशंट घामानं चिंब, काहीतरी असंबद्ध बडबडतोय. ग्लुकोमीटर दाखवतो ४५. याला डायबेटिस नाही, इन्सुलिन नाही, शुगरची गोळीही नाही. घरचे म्हणतात, "रात्री जेवला नाही ना, म्हणून."

एक जेवण चुकलं म्हणून धडधाकट माणसाची शुगर इतकी उतरत नाही. लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं ग्लुकोज असतं, त्यावर रात्र निघते. ते आटत आलं की स्नायूंतली प्रथिनं मोडून ॲमिनो ॲसिड रक्तात येतात, मुख्यतः ॲलानिन आणि ग्लुटामिन. ॲलानिनपासून लिव्हर नवं ग्लुकोज बनवतं, त्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो. ग्लुटामिनपासून किडनी तेच करते.

कॅन्सरमध्ये कधी स्नायूच झिजलेले असतात, कधी लिव्हर गाठींनी भरलेलं. पण खरा इरसाल प्रकार वेगळाच. फुफ्फुसाच्या आवरणातल्या किंवा लिव्हरच्या काही मोठ्या गाठी आयजीएफ-२ नावाचं संप्रेरक अर्धवट घडलेल्या रूपात रक्तात सोडतात. हा इन्सुलिनचा तोतया! त्याच्या हुकमानं लिव्हर ग्लुकोज बनवणं थांबवतं, आणि स्नायू ॲमिनो ॲसिड सोडायचं सोडून उलट आतच ओढतात. छातीतल्या गाठीसोबत येणाऱ्या या प्रकाराला डोगे-पॉटर सिंड्रोम म्हणतात. डोगे आणि पॉटर या दोन डॉक्टरांनी १९३० मध्येच, वेगवेगळं, तो नोंदवला होता.

ओळखायचा कसा? शुगर उतरलेली असतानाच रक्त घ्यावं लागतं. इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवताना सोबत सुटणारा तुकडा) दोन्ही कमी. आणि गंमत पाहा, निव्वळ उपासमार असती तर कीटोन, म्हणजे चरबी मोडून बनणारे पदार्थ, वाढले असते. इथे तेही दबलेले! ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, मात्र आधी नमुन्यावरच शंका घ्या. पांढऱ्या पेशी बेसुमार असल्या तर नळीतलं ग्लुकोज त्याच फस्त करतात, आणि रिपोर्ट उगाच घाबरवतो.

आता व्हॉट्सॲपवरचं ते, "साखर बंद, कॅन्सर उपाशी मरेल." अशा पेशंटच्या बाबतीत हा सल्ला जिवावर बेतेल. शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ लावा. शुगर वर आली तरी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, कारण ग्लुकोजचा असर ओसरला की ती पुन्हा उतरते. गाठ पूर्ण काढता आली तर बहुतेकदा हा त्रास थांबतो. नाहीच काढता आली तर स्टेरॉइड आणि रात्री-अपरात्री उठवून खाऊ घालणं, यावर निभावतात.