आधी पाय, मग हात

सकाळचे साडेसहा. ठाण्याच्या तलावपाळीला फेऱ्या मारून झालेले एक आजोबा कठड्याजवळ एका पायावर उभे आहेत. वृक्षासन. छान जमलंय. आता ते डोळे मिटतात... आणि बघा, घोटा थरथरायला लागला.

तोल सांभाळायला डोळे लागतात, तळव्यांखालची जमीन लागते आणि आतल्या कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे. डोकं कललं की खडे सरकतात. खालची बाजू कुठली, हे त्यांच्यामुळे कळतं. एरवी त्यांची आठवण कुणाला होते?

आता दोन्ही पायांवर उभं राहून आजोबा एक हात झटकन समोर उचलतात. गंमत अशी, की हात हलायच्या आधीच पायांचे स्नायू कामाला लागलेले असतात. हात पुढे गेला की अंगाचा भारही पुढे जाणार, म्हणून मेंदू आधीच तजवीज करून ठेवतो. लोकलमध्ये दोन्ही हातांत मोबाइल धरून उभे राहणारे आपले ठाणेकर याच भरवशावर!

पण जिथे पडायची भीतीच नाही तिथे? 1982 मध्ये सोव्हिएत ‘सॅल्यूत-7’ स्थानकावर फ्रेंच अंतराळवीर ज्याँ-लू क्रेतियाँ यांच्यावर हाच प्रयोग झाला. पावलं फरशीला अडकवलेली, हात झटकन वर. वजन नाही, तरी पाय आपले आधीच तयार. सवय! डोळे मिटून ताठ उभं राहायचं म्हटलं, की मात्र अंग पुढे झुकायचं. इथे आपल्याला उभं धरणारी पोटरी तिथे ढिली पडते आणि नडगीपुढचा स्नायू काम ओढतो.

दोन वर्षांनी त्याच स्थानकावर राकेश शर्मा यांनी योगासनं केली, तीही स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेऊन. तरंगणाऱ्याला आसन घालायचं तर आधी कुठेतरी टेकायला हवं ना!

खरी फजिती परतल्यावर. शुभांशु शुक्ला 2025 मध्ये सुमारे 18 दिवस अंतराळ स्थानकावर राहून आले, तेव्हा चालणंसुद्धा पुन्हा अंगवळणी पाडावं लागलं. कानातले खडे परत वजन सांगू लागतात, पण मेंदूचा त्यांच्यावर लगेच विश्वास बसत नाही. डोळे उघडे असले तर निभावतं. मिटले, की झोक जातो.

तलावपाळीवर आजोबांनी पाय बदललाय. डोळे मिटलेले. आजी मोबाइलवर सेकंद मोजताहेत.

“सात.”

आजोबांच्या मते दहा झाले होते.