काळ्या पाषाणाखाली काय आहे? महाराष्ट्रातलं भूकवच

नमस्कार. आधी हे दोन दगड नीट बघा.

[दगड कॅमेऱ्याजवळ]

हा काळा, जड. कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, कारण लाव्हा झपाट्याने थंड झाला. हे पांढरे ठिपके झिओलाइटचे. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांत नंतर पाण्यातून हे खनिज साचलं. हा बेसाल्ट. अशा ठिपकेवाल्या खडकाला विहिरीवाले मांजऱ्या म्हणतात.

हा दुसरा ग्रॅनाइट. नांदेडमध्ये देगलूर-बिलोलीकडे तो उघड्यावर दिसतो. गुलाबी कण फेल्डस्पारचे, काचेसारखे क्वार्ट्झचे, काळे चकचकीत अभ्रकाचे. खोलवर सावकाश थंड झाला म्हणून कण एवढे मोठे.

पुस्तकात वर हलका सियाल आणि खाली जड सायमा दाखवतात, म्हणजे ग्रॅनाइट वर, बेसाल्ट खाली. महाराष्ट्रात मात्र उलटं दिसतं. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा भेगांतून वर आला आणि आधीपासून असलेल्या ग्रॅनाइट-नाइसवर (नाइस म्हणजे उष्णता आणि दाबाने बदललेला पट्टेदार खडक) थरावर थर पसरला. किती जाड? 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला भोक घेतलं, तेव्हा 338 मीटरवर बेसाल्ट संपला. मग 8 मीटर गाळाचा खडक, आणि त्याखाली जुना पाया. कोयनेजवळ रासाटीला बेसाल्ट सुमारे 932 मीटर निघाला. आणि भूकवच, म्हणजे पृथ्वीचा सगळ्यात बाहेरचा घन थर? इथे साधारण 35 ते 40 किलोमीटर! किल्लारीत तर बेसाल्टचा वाटा एक टक्कासुद्धा भरत नाही.

एवढ्या खोलीचा अंदाज भूकंपलहरींवरून येतो. 1909 मध्ये क्रोएशियाचे मोहोरोविचिच यांनी एकाच भूकंपाच्या नोंदी ताडून पाहिल्या. दूरच्या केंद्रांवर खोलातून गेलेली लहर आधी पोचत होती, अंतर जास्त असूनही. याचा अर्थ खाली लहरींचा वेग जास्त आहे. कवचात तो सेकंदाला 6-7 किलोमीटर असतो, सीमा ओलांडली की 8 च्या आसपास. तीच मोहो सीमा, कवचाखालच्या थराची म्हणजे प्रावरणाची सुरुवात.

सियाल-सायमाची ठळक रेघ मात्र आता सोडून द्या. रशियात कोला इथे 1989 पर्यंत 12,262 मीटर खोल भोक गेलं. सुमारे 7 किलोमीटरवर बेसाल्ट लागेल असं वाटलं होतं. लागला रूपांतरित, तडे गेलेला, पाणी मुरलेला ग्रॅनाइटी खडक. तळाशी अपेक्षित 100 ऐवजी 180 अंश सेल्सिअस तापमान भरलं, आणि पुढे खोदणं अशक्य झालं. खंडांखाली लोह-मॅग्नेशियम खोलीबरोबर वाढत जातं, पण सगळीकडे एकच सरळ रेघ सापडत नाही. बेसाल्टी कवच हवं तर समुद्रतळ बघा. तिथे ते जेमतेम 6-7 किलोमीटर असतं.

वजनाने कवचात ऑक्सिजन 46 टक्के, सिलिकॉन 28, ॲल्युमिनियम 8, लोह 5 च्या आसपास. पृथ्वीचं बहुतेक लोह गाभ्यात आहे.

आणखी एक घोळ नेहमी होतो: भूकवच म्हणजे भूपट्ट नव्हे. कवच आणि त्याखालचं ताठ प्रावरण मिळून भूपट्ट होतो, जाडी ढोबळ 100 किलोमीटर.

आता कोयना. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा धक्का बसला. तिथले धक्के मुख्यतः 2 ते 10 किलोमीटर खोलीवर होतात. बेसाल्ट एक-सव्वा किलोमीटरवरच संपतो. भेग सरकते ती खालच्या ग्रॅनाइट-नाइसमध्ये, म्हणून कोयनेत 3 किलोमीटरचं संशोधन-भोक बेसाल्ट पार करून त्या पायात नेलं.