पाय उचलला की शेवटचा फेरा

[दृश्य : फेल्ट्स पार्कचं मैदान. ऑगस्टमधली संध्याकाळ. तंबू, कॅम्पर गाड्या, घडीच्या खुर्च्या.]

व्हर्जिनिया राज्याच्या नैर्ऋत्य भागात, ब्लू रिज डोंगरात, गेलॅक्स नावाचं छोटं गाव आहे. १९३५ साली इथल्या मूस लॉज या मंडळाने फिडलवादकांची स्पर्धा सुरू केली. फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन. ती आजही तेच मंडळ भरवतं आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात हे मैदान तंबूंनी भरून जातं. स्टेजवर एकेक स्पर्धक येतो, एक धून वाजवतो आणि उतरतो. फिडल, बँजो, मॅन्डोलिन, गिटार, डोब्रो, ऑटोहार्प, प्रत्येकाची स्पर्धा वेगळी. सोमवार लहान मुलांचा.

स्टेजसमोर बसून ऐकण्यातही मजा आहे. पण ब्लूग्रासचं, म्हणजे तंतुवाद्यांवरच्या या अमेरिकी लोकसंगीताचं, वेड लागलेला माणूस तिथे फार वेळ टिकत नाही. तो उठतो, स्टेजकडे पाठ करतो आणि तंबूंमधल्या बोळांत शिरतो.

[दृश्य : कॅमेरा तंबूंमधून चालतो. एका जॅमचा आवाज मागे पडतो, दुसऱ्याचा पुढून येतो.]

इथे ना माइक आहे, ना स्पीकर. एका तंबूपाशी ओल्ड-टाइम, म्हणजे ब्लूग्रासच्या आधीचं जुनं संगीत, चाललंय. फिडल आणि बँजो मिळून एकच धून वाजवताहेत, पुन्हा पुन्हा, कितीतरी वेळ. कुणी एकटा पुढे येत नाही, आणि यायचंही नसतं. हे नाचासाठीचं संगीत. दहा पावलांवर दुसरा गोल आहे, तो ब्लूग्रासचा. आपण इथे थांबू.

पाच-सहा जण उभे आहेत. त्यातले काही तासाभरापूर्वी एकमेकांना ओळखतही नव्हते. एकजण धुनीचं नाव घेतो आणि पट्टी सांगतो, "ए." बँजोवाला आणि गिटारवाला कॅपो, म्हणजे पट्टी चढवायचा तारांवरचा चिमटा, दुसऱ्या घरात सरकवतात. फिडलवाला गजाने चार मात्रांचा ठेका खरडतो. लय किती ठेवायची ते सगळ्यांना त्यातच कळतं, आणि पाचव्या मात्रेला गोल सुरू होतो.

आता मॅन्डोलिनवाल्याचा डावा हात बघा. तो तारा दाबतो, उजव्या हाताचा आघात होतो आणि त्याच क्षणी डाव्या हाताचा दाब निघतो. बोटं तारेवरच असतात, फक्त सैल पडतात. सूर जागच्या जागी बंद होतो आणि उरतो एक कोरडा ठोका. त्याला चॉप म्हणतात. पहिली आणि तिसरी मात्रा बासची, म्हणजे खर्जातल्या मोठ्या उभ्या तंतुवाद्याची, दुसरी आणि चौथी चॉपची. ब्लूग्रासच्या जुन्या घडणीत ड्रम नसतो. ताल धरणारा आहे तो हा ठोका आणि ती बासची जाड तार. ते दोघे एकमेकांना घट्ट धरून असले, की बाकीच्यांना कुठेही जाऊन परत येता येतं.

धून एकदा पूर्ण झाली की मान हलते, नजर जाते आणि पाळी पुढच्याकडे सरकते. या पाळीला ब्रेक म्हणतात. फिडलचा ब्रेक, मग बँजोचा, मग मॅन्डोलिनचा. कुणाला नको असेल तर तो नुसती मान हलवून नको म्हणतो आणि पाळी पुढे जाते. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

आणि मग गिटारची पाळी येते. मी ज्यासाठी इथे येतो ते आता घडतं.

गिटार या गोलातलं सगळ्यांत हळू आवाजाचं वाद्य. एकेका तारेवर सूर काढायला लागलं, की बँजोपुढे त्याचा निभाव लागत नाही. आवाज वाढवायला बटण नाही. मग बाकीचे सगळे खाली येतात. बँजो जवळजवळ गप्प होतो, एखाद-दुसरा सूर तेवढा सोडतो. चॉप इतका बारीक होतो की तो ऐकू येण्याआधी मनगटात दिसतो. फिडल खांद्यावरून उतरतं. बासवाला बोटाचं मांस जरा जास्त लावून मऊ वाजवतो. कुणी कुणाला सांगितलेलं नसतं. लय तसूभर हलत नाही, फक्त आवाज उतरतो, आणि त्या उतरलेल्या आवाजात गिटारचा प्रत्येक सूर स्वच्छ ऐकू येतो. ब्रेक संपला की सगळे पुन्हा आपापल्या जागी चढतात. ध्वनिमुद्रणात हे काम इंजिनिअर करतो, आणि छान करतो. पण एका माणसासाठी पाच माणसं आवाज सोडतात, ते बघत बघत ऐकण्याचा आनंद मला कुठल्याच मुद्रणात मिळालेला नाही.

धून संपवायची कशी? हात सगळ्यांचेच गुंतलेले असतात. म्हणून ज्याने धून सुरू केली तो एक पाय उचलतो. पाय वर दिसला की हा शेवटचा फेरा. नवखा ऐकणारा हातांकडे बघत बसतो, मुरलेला अधूनमधून पायांकडेही बघतो.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. केंटकीतला रोझिनचा परिसर. नॅशव्हिलचं रायमन सभागृह.]

या संगीताला आजचा घाट दिला बिल मन्रो यांनी. जन्म १९११चा, केंटकीतल्या रोझिन गावाजवळचा. घरात मोठ्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच घेतलेली, म्हणून धाकट्याच्या वाट्याला मॅन्डोलिन आलं. आईवडील लवकर गेले. पुढे काही काळ बिल मामाकडे राहिला. मामा पेन व्हँडिव्हर गावोगावच्या नाचांना फिडल वाजवायचा आणि भाचा साथीला असायचा.

त्याच काळात त्याला आणखी एक माणूस भेटला, आर्नल्ड शुल्ट्झ. कृष्णवर्णीय खाणकामगार, गिटार आणि फिडल दोन्हींवर विलक्षण हात. पोरवयातल्या बिलने नाचांच्या कार्यक्रमांत त्यांची साथ केली, आणि त्यांच्या वादनातल्या ब्लूजचं ऋण मन्रो पुढे आयुष्यभर सांगत राहिले. शुल्ट्झ १९३१ मध्ये गेले, त्यांचं एकही ध्वनिमुद्रण मागे नाही. मला याची हळहळ वाटते. बँजो हे वाद्यच मुळी पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या आठवणीतून अमेरिकेत घडलं. फिडलच्या धुना स्कॉटलंड-आयर्लंडमधून आल्या. या दोन्हींच्या मीलनाची कथा सांगताना पहिल्या निम्म्याला बरीच वर्षं गाळलं गेलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या मेबनचे कृष्णवर्णीय फिडलवादक जो थॉम्पसन यांच्याकडे गायिका आणि बँजोवादक रिअॅनन गिडन्स आणि त्यांचे साथीदार जाऊन बसू लागले, शिकू लागले, तेव्हा कुठे नव्या पिढीच्या कानावर तो निम्मा भाग पुन्हा पडला.

मन्रोंचा बँड १९३९ मध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला. बँडचं नाव ब्लू ग्रास बॉईज, त्यावरूनच पुढे या संगीताला नाव पडलं. पण ज्या आवाजाला आपण आज ब्लूग्रास म्हणतो, तो घडला १९४५ च्या डिसेंबरात. एकवीस वर्षांचा अर्ल स्क्रग्ज बँजो घेऊन आला.

[दृश्य : बँजो वाजवणाऱ्या उजव्या हाताचा अगदी जवळून शॉट.]

अंगठ्यात प्लॅस्टिकची नखी, पुढच्या दोन बोटांत धातूच्या. तीन बोटं आळीपाळीने पाच तारांवर फिरतात. गंमत अशी की बोटं तीन आणि फेऱ्यातले सूर आठ. तीनाचा हिशेब आठात बसत नाही. मग तीन, तीन, दोन असे गट पडतात आणि वजन सरळ मात्रेवर न पडता अलीकडे-पलीकडे पडत राहतं. खाली बास सरळ चाललेला, वर बँजोचं वजन सरकणारं. ऐकणाऱ्याला पुढे ढकललं जातंय असं वाटतं ते त्यामुळे. तीन बोटांनी वाजवणारे स्क्रग्जच्या आधीही त्याच्या भागात होते. पण इतकं सफाईने, इतक्या लयीत आणि गाण्याच्या चालीला धरून वाजवणं ऑप्रीच्या श्रोत्यांनी ऐकलेलं नव्हतं. तो कार्यक्रम तेव्हा जिथे व्हायचा ते रायमन सभागृह दणाणून जायचं. ती इमारत मुळात प्रार्थनेसाठी बांधलेली, बसायला लाकडी बाकं. ती बाकं अजून आहेत.

त्या वेळी अख्ख्या बँडला पुष्कळदा एकच माइक मिळायचा. मग वादकांनी हालचाल बसवली. ज्याचा ब्रेक तो पुढे, संपला की बाजूला, तेवढ्यात गाणारा आत. मॅन्डोलिन उंच धरायचं, गिटारची मान दुसऱ्याच्या डोक्याला लागू द्यायची नाही. पुढे प्रत्येकासमोर माइक आले आणि हे मागे पडलं. डेल मकौरी यांच्या बँडने ते पुन्हा आणलं. त्यांची मुलं रॉनी आणि रॉब अनुक्रमे मॅन्डोलिन आणि बँजो वाजवतात. तो कार्यक्रम बघताना लक्षात येतं, की कुणाला जागा द्यायची ही जाण नुसती कानात नसते, पायांतही असते.

गाताना तर तिघं चक्क डोकी जवळ आणतात. मधला मुख्य चाल गातो, वर टेनर, खाली बॅरिटोन. दुसऱ्याचा सूर कानावर आल्याशिवाय आपला लावता येत नाही. आणि तिन्ही आवाज नेमके लागले, की तंबोरा जुळल्यावर स्वयंभू गंधार उमटतो तसं काहीतरी उमटतं, जे तिघांपैकी कुणीच गात नसतं. त्यासाठी जवळ उभं राहावं लागतं.

[दृश्य : काचेच्या पेटीतलं मॅन्डोलिन.]

लाकडाचा आवाज किती मोलाचा असतो याची साक्ष म्हणजे मन्रोंचं मॅन्डोलिन. गिब्सन कंपनीचं एफ-५, आत कंपनीचे वाद्यरचनाकार लॉइड लोअर यांची सही, तारीख ९ जुलै १९२३. मन्रोंनी ते फ्लोरिडातल्या एका केशकर्तनालयात विकायला ठेवलेलं पाहून घेतलं. पुढची चाळीस वर्षं तेच वाजवलं. १९८५ च्या नोव्हेंबरात कुणीतरी त्यांच्या घरात शिरून शेकोटीच्या लोखंडी सळईने ते फोडलं. शेकडो ढलप्या उरल्या. गिब्सनमधले कारागीर चार्ली डेरिंग्टन यांनी एकेक ढलपी जुळवून, चिकटवून काही महिन्यांत ते पुन्हा उभं केलं. मन्रोंनी ते हातात घेतलं आणि वाजवलं, आणि प्रकृतीने साथ दिली तोवर वाजवत राहिले. १९९६ मध्ये ते गेले. मॅन्डोलिन आता नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे.

[दृश्य : १९६०च्या दशकातल्या महोत्सवांची छायाचित्रं. मग आजचं गेलॅक्स.]

रॉक अँड रोल आल्यावर ब्लूग्रासच्या बँडना काम मिळेना. अशा वेळी कार्लटन हेनी या आयोजकाने १९६५ च्या सप्टेंबरात व्हर्जिनियातल्या फिनकॅसलजवळ, घोड्यांच्या एका फार्मवर, तीन दिवसांचा महोत्सव भरवला. फक्त ब्लूग्रास, लोकांनी यायचं, तिथेच राहायचं. असा हा पहिलाच. मग अमेरिकाभर तशी मैदानं भरू लागली. राहायला आलेल्या श्रोत्यांनी गाडीतून आपापली वाद्यंही काढली, आणि तंबूंमधले गोल या संगीताचं घर झाले. स्टेजवरचे नावाजलेले वादकही रात्री तिथे येऊन उभे राहतात.

ज्यांना वाजवता येत नाही त्यांनाही इथे काम आहे. मला यातलं एकही वाद्य येत नाही. गोलाच्या आत पाऊल टाकायचं नाही, ती वाजवणाऱ्यांची जागा. पण त्यांच्या खांद्यामागे उभं राहिलेलं सगळ्यांना आवडतं. आवडलेल्या जागी मोठ्याने दाद द्यावी, ती हवी असते. गेलॅक्सपासून जवळच फ्लॉइड गावात एक जुनं दुकान आहे, फ्लॉइड कंट्री स्टोअर. तिथे दर शुक्रवारी रात्री आधी भक्तिगीतं होतात आणि मग फ्लॅटफूट नाच. बुटांच्या तळाला पत्रे ठोकलेले लोक लाकडी फरशीवर उतरतात, आणि वाद्यांच्या जोडीला पायांचाही ताल लागतो. आजी-नातू एकाच फरशीवर असतात.

आपल्या मंडळींना ही वाट बेला फ्लेकमुळे थोडी ओळखीची वाटेल. ब्लूग्रासमधून वर आलेला हा बँजोवादक, बासवर एडगर मायर, बासरीवर मुंबईचे राकेश चौरसिया आणि तबल्यावर मुंबईत वाढलेले झाकीर हुसेन. या चौघांच्या कामाला २०२४ च्या फेब्रुवारीत ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी डिसेंबरात झाकीरभाई गेले. त्या चौघांना ऐकताना तबला बँजोसाठी कसा खाली येतो तेवढं लक्ष देऊन ऐका. गेलॅक्सच्या गोलात गिटारसाठी होतं तेच तिथे होतं.

[दृश्य : दिवे लागलेले तंबू. गोलात एक नवी मुलगी फिडल घेऊन उभी राहते, बाकीचे सरकून जागा करतात.]

शार्लटमध्ये राहणाऱ्या मराठी घरांना गेलॅक्स गाडीने दोनेक तासांवर, रॉलीहून तीनेक. खुर्ची आपली आपण न्यावी. रात्री डोंगरात गारठा पडतो, म्हणून अंगावर काहीतरी घ्यावं. स्टेजवरच्या एक-दोन स्पर्धा पाहून मागे वळावं आणि पाच-सहा गोल नुसते ऐकत फिरावं. घाई करू नये. जिथे गिटारची पाळी आल्यावर बँजोवाला आपणहून खाली येतो, तिथे खुर्ची उघडावी.