कॉलेज बघायला मंगळवारी जा

नमस्कार श्रोतेहो. निकाल लागले, सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की घरोघरी एकच खल सुरू होतो: ऑप्शन फॉर्ममध्ये पहिलं कॉलेज कुठलं टाकायचं? मागच्या वर्षीचा कटऑफ बघितला जातो, प्लेसमेंटचे आकडे बघितले जातात, फीचा हिशोब तर होतोच. आपलं लेकरू तिथे रमेल का, अडलंनडलं तर कुणाचं दार ठोठावेल, हे मात्र कुणी विचारत नाही. आज त्याबद्दलच बोलू या.

माझं पहिलं सांगणं असं, की कॉलेज प्रत्यक्ष बघा. आणि समारंभाच्या दिवशी नको, साध्या मंगळवारी जा. समारंभाला दारात रांगोळी असते, हसतमुख स्वयंसेवक असतात, प्राचार्य स्वतः चार शब्द बोलतात. साध्या दिवशी दुपारी ऑफिसच्या खिडकीपाशी जाऊन थोडा वेळ नुसतं उभं राहा. गावाकडून आलेले कुणाचे तरी वडील तिथे असतातच. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत झेरॉक्सचा गठ्ठा आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला अजून सेतूत अडकलेला. आता खिडकीपलीकडचा माणूस काय करतो ते बघा. मान वर न करता ‘सगळे कागद घेऊन या’ म्हणतो, की काय काय राहिलंय ते चिठ्ठीवर लिहून देतो आणि हमीपत्र कसं भरायचं तेही सांगतो? अशी चिठ्ठी जिथे मिळते, तिथल्या वर्गात शंका विचारायला पोरं कमी बिचकतात, असं मी पाहत आलोय. कॉलेजचं वळण शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सहसा एकच असतं.

जिव्हाळा म्हणजे नुसतं गोड बोलणं नव्हे. त्याला पैसा लागतो, वेळ लागतो, आणि हे आपल्याकडच्या थोरांनी फार आधी ओळखलं होतं. खेड्यातल्या मुलाला शहरात शिकायचं तर आधी पथारी टाकायला जागा आणि दोन वेळचं जेवण हवं, म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं उभी राहायला मदत केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एका छताखाली राहत, एकत्र जेवत. पोरांच्या पोटासाठी पैसे उरले नाहीत, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. ‘कमवा आणि शिका’ ही योजना याच परंपरेतली. आज अनेक कॉलेजांच्या माहितीपत्रकात ती छापलेली दिसते. तुम्ही एवढंच विचारा, की गेल्या वर्षी किती मुलांना काम दिलं आणि त्यांचे पैसे वेळेवर मिळाले का?

दुसरी चौकशी प्राध्यापकांची. ज्या शाखेला प्रवेश घ्यायचाय, त्या विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीवाले, किती? सीएचबीवाल्यांचा यात काडीचाही दोष नाही. त्यांना पैसे तासाप्रमाणे, म्हणून तास संपला की दुसऱ्या कॉलेजची बस पकडावी लागते. पण मराठी माध्यमातून आलेलं पोर पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी पुस्तकापुढे भांबावून बसतं, तेव्हा तासानंतर अर्धा तास त्याच्याजवळ बसून मराठीत समजावणारं कुणीतरी लागतं. अशी मुलं हुशारी कमी म्हणून मागे पडत नाहीत, विचारायला माणूस सापडत नाही म्हणून पडतात.

‘नॅक’ म्हणजे कॉलेजांचं मूल्यमापन करणारी राष्ट्रीय परिषद. तिने दिलेला दर्जा हल्ली कमानीवरच रंगवलेला असतो. तो बघून हुरळू नका. त्यासाठी कॉलेजने जो स्वयंमूल्यमापन अहवाल पाठवलेला असतो, तो बहुतेकदा कॉलेजच्या संकेतस्थळावर सापडतो. त्यातला पाचवा निकष विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या साहाय्याचा आहे. शिष्यवृत्त्या, मार्गदर्शन, तक्रारींचं निवारण, सगळं तिथे येतं. तेवढी पानं चाळा.

रॅगिंगचा फलकही नीट वाचा. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ पासून आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम देशभर लागू आहेत. फलक सगळीकडे असतो. त्यावरची रॅगिंगविरोधी समितीची नावं बघा. समितीतले सर निवृत्त होऊन गेलेत आणि फोन नंबर पुसट झालाय, तर समितीची बैठक कधी झाली असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

आणि मुलांशी बोला. ‘कॉलेज चांगलं आहे का?’ असं विचारलं तर ‘हो, चांगलंय’ एवढंच ऐकायला मिळेल. कॅन्टीनमध्ये चहा घेता घेता विचारा, ‘मागे तू आजारी पडलास तेव्हा कुणी चौकशी केली? विषय राहिला तर सर बोलावून घेतात का?’ हॉस्टेलच्या मुलींना विचारा, रात्री कुणाला ताप भरला तर दवाखान्यात कोण नेतं. उत्तर देण्याआधी त्या एकमेकींकडे बघतात का, तेही ध्यानात घ्या.

एवढं करूनही निवड चुकू शकते. पहिल्या महिन्यात करमत नाही, हे बहुतेकांचंच होतं. त्यावरून घाई नको. पण दिवाळीला घरी आलेलं पोर परत जायचं नावच घेत नसेल, तर त्याला रागावू नका, कॉलेज बदलण्याचा विचार करा. मूळ कागदपत्रं कॉलेजने अडकवून ठेवू नयेत, असं अनुदान आयोगाने २०१८ सालीच बजावलंय. तरी कुणी अडवलं, तर आधी कॉलेजच्या तक्रार निवारण समितीकडे आणि तिथे दाद लागली नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अर्ज करा. अर्ज लेखी द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्यायला विसरू नका. नमस्कार.