पट्टीच्या पोहणाऱ्यांसाठी

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याच्या रेडिओवरून मासेमारीच्या होडीबद्दल बोलायचं म्हटल्यावर काहींना हसू येईल. समुद्र बघायचा तर आपल्याला घाट उतरावा लागतो. पण गणेश पेठेतल्या मासळी बाजारात एकदा सकाळी फेरी मारा. सुरमई-बांगड्याच्या बर्फातल्या पेट्यांशेजारी रोहू, कटला आणि चिलापी मांडलेली दिसेल. नदीच्या या मासळीतला बराच माल भिगवण-इंदापूरकडून येतो, उजनीच्या पाणफुगवट्यातून. ती धरणारा माणूस आपल्याच जिल्ह्यातला. त्याच्या होडीत सामान काय असतं? जाळं, वल्हं आणि पाणी उपसायला कापलेला तेलाचा डबा. पानशेतला जा, मुळशीला जा, पवनेला जा, थोड्याफार फरकानं हेच.

मला आज बोलायचंय ते या माणसाशी, होडीत आणि पाण्यात जीव कसा सांभाळायचा याबद्दल. आणि त्याच्या घरच्यांशीही, कारण ऐकण्याचं काम बहुधा घरचेच करतात.

काठावर कुणालाही लाइफ जॅकेटचं विचारा, उत्तर ठरलेलं आहे : "आम्ही पाण्यातच वाढलो, आम्हाला काय करायचंय?" यात खोटं काही नाही. भोई वस्तीवरची पोरं शाळेच्या आधी पोहायला शिकतात. पण होडीतून पडणारा माणूस पोहायला उतरलेला नसतो. अंगात सदरा-पॅन्ट असते, थंडीत वर स्वेटर. पडताना होडीची कड कपाळाला लागलेली असू शकते. आणि पायात जाळं असतं. तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या पारदर्शक धाग्याचं, जाळं पाण्यात दिसत नाही, म्हणून तर मासा त्यात शिरतो. माणसाच्या पायालाही ते दिसत नाही. पाय झाडला की आणखी एक वेढा बसतो. अशा वेळी पोहण्याची कला कितीही असो, ती वापरायला हातपाय मोकळे लागतात.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्याकडे जाळं टाकतात संध्याकाळी आणि ओढतात पहाटे. आता एप्रिल-मेमधला वळीव कधी येतो ते आठवा. दुपारभर तापतं, चारच्या सुमारास ढग चढायला लागतात आणि दिवस मावळायच्या आसपास वारा सुटतो. म्हणजे होडी मध्यावर असण्याची आणि वावटळ येण्याची वेळ एकच. आपण धरणाच्या पाण्याला पावसाळ्यात भितो, पण माझ्या मते उजनीचा खरा घातवार उन्हाळ्यातल्या संध्याकाळी असतो. पाणी उतरलेलं असतं, शांत दिसतं आणि माणूस गाफील राहतो.

वाऱ्याला धावायला जेवढं मोकळं पाणी मिळेल तेवढी लाट मोठी होते. उजनी पूर्ण भरली की ११७ टीएमसीच्या आसपास पाणी असतं. मे महिन्यात ते पुष्कळ खाली जातं, तरीही काही ठिकाणी पलीकडचा काठ किलोमीटर-किलोमीटर लांब राहतो. तिथं उठणारी लाट समुद्रासारखी लांब नसते. ती आखूड आणि उभी असते, एकीतून होडी सावरेपर्यंत दुसरी आत येते. त्यात पाणी उतरल्यानं जुन्या गावांची जोती, विहिरींचे कठडे, बाभळींची खोडं वरच्या अंगाला आलेली असतात. पळसदेवचं देऊळ पाण्याबाहेर आलं की आपण फोटो काढायला जातो. जे पाण्याबाहेर न येता वीतभर खाली थांबलेलं असतं, ते होडीचा तळ फोडतं.

२१ मे २०२४ ची संध्याकाळ अनेकांना आठवत असेल. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात सापडली, आत पाणी भरलं आणि ती उलटली. सहा जण गेले, त्यात दोन लहान मुलं होती. एक जण पोहत काठाला लागला. ती प्रवाशांची होडी होती, मासेमारीची नव्हे. पण पाणी तेच आणि वाराही तोच. शोधाला एनडीआरएफचे, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे, जवान आले. त्यांची पाचवी बटालियन आपल्या मावळात, सुदुंबऱ्याला आहे. सुदुंबऱ्याहून भिगवण शंभर किलोमीटरच्या पुढे. कितीही तातडीनं निघाले तरी वाटेत तास जातात आणि माणूस बुडायला मिनिटं पुरतात. म्हणून मी धरणातल्या होडीच्या तयारीचा हिशेब असा मांडतो : पहिली दहा मिनिटं तुम्ही, तुमच्या अंगावरचं सामान आणि शेजारची होडी. बाकी सगळे नंतर.

आता जॅकेट. वाटपाच्या कार्यक्रमात मिळालेली भगवी जॅकेटं मी घराच्या खुंटीवर, माळ्यावर, एका ठिकाणी तर कोंबड्यांच्या खुराड्यावर बघितली आहेत. फोटो निघाला, काम संपलं. दोष घेणाऱ्याचा आहे असं मला वाटत नाही. ती जॅकेटं बसून जाणाऱ्या प्रवाशासाठी बनवलेली असतात. पुढं जाड फोम, वर लोंबणारे पट्टे. वाकून जाळं ओढणाऱ्याच्या पट्ट्यात तंगूस अडकतो, काखेत घासतं, घामानं जीव जातो. कामाला आड येणारी वस्तू माणूस काढून ठेवणारच.

तेव्हा घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, उचलण्याची ताकद. ती न्यूटनमध्ये छापलेली असते. १० न्यूटन म्हणजे ढोबळमानानं एक किलो. पाण्यात तरंगत राहायला मोठ्या माणसाला साधारण चार-पाच किलोचा जादा आधार लागतो. ५० न्यूटनचं जॅकेट शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला आधार देतं, पण बेशुद्ध माणसाचं तोंड वर करत नाही. १०० न्यूटनचं शांत पाण्यात बहुधा करतं. १५० चं लाटांतही उताणं करण्यासाठी असतं, पण ते अंगाला जड. काठाजवळ, दोघं मिळून जाळं टाकणाऱ्यांना मी अंगाबरोबर बसणारं ५० चं कामाचं जॅकेट सुचवीन. शंभरचं खुंटीवर असण्यापेक्षा पन्नासचं अंगावर असलेलं बरं. एकटे जात असाल, अंधारात जात असाल किंवा मध्यावर जात असाल, तर मात्र १०० च्या खाली येऊ नका.

दुसरी गोष्ट मापाची. जॅकेट घालून पट्टे आवळा आणि कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत सरकलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर तो लावा, लाजू नका. आणि जॅकेटवर बसू नका. होडीची फळी टोचते म्हणून जॅकेटची गादी करायची सवय सगळीकडे आहे. फोम दबला की त्याची ताकद गेली. उन्हात वर्षानुवर्षं पडलेल्या जॅकेटचं कापड नखानं फाटतं का ते बघा.

त्याच जॅकेटला दोन वस्तू दोरीनं बांधून टाका. एक शिट्टी, कारण ओरडून घसा बसतो आणि वाऱ्यात ओरडणं पोचत नाही. दुसरी, बोथट टोकाचा चाकू, छातीपाशी, एका हातानं निघेल असा. होडीतल्या डब्यात ठेवलेला चाकू पाण्यात पडलेल्या माणसाच्या काय कामाचा? जाळं हजारोंचं असतं, कापायला जीव होत नाही हे मला माहीत आहे. तरी कापा.

होडीत काय हवं? पैसे न घालवता होणारी एक गोष्ट सांगतो. पाच लिटरचा झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा कॅन घ्या. त्यात पेलाभर पाणी ठेवा, बाकी रिकामा. कडीला पंधरा मीटर दोरी बांधा, दुसरं टोक होडीला. पेलाभर पाण्यामुळे कॅन वाऱ्यावर भरकटत नाही, नीट फेकता येतो. आणि आतली हवा साधारण पाच किलोचा आधार देते. माणसाच्या अंगावर फेकू नका, त्याच्या पलीकडे टाका आणि दोरी त्याच्या हाताशी येईल अशी ओढा.

पुढचा प्रश्न कुणी विचारातच घेत नाही : पडलेला माणूस होडीत परत चढणार कसा? भिजलेल्या कपड्यांनिशी, दमलेल्या हातांनी कडेवरून अंग वर घेणं भल्याभल्यांना जमत नाही आणि सगळे एका बाजूला धावले की होडीच उलटते. मागच्या टोकाला जाड दोरीची रिकीब, म्हणजे पाय ठेवायचा फास, बांधून ठेवा, पाय अडकवला की पाण्याखाली दोन हात जाईल एवढी. एकट्यानं जाणाऱ्यानं ती पाण्यातून हाताला लागेल अशी ठेवावी. उथळ पाण्यात, उजेडी, एकदा चढून बघा.

आणि खुद्द होडी बुडू नये याची सोय. फायबरच्या होडीत पाणी भरलं की ती तळाला जाते. बसायच्या फळ्यांखाली, दोन्ही टोकांना थर्माकोल किंवा झाकणबंद कॅन घट्ट बांधले, तर उलटली तरी ती तरंगत राहते. मग नियम एकच, होडी सोडायची नाही. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो, संध्याकाळी तर फारच. उलटी होडी लांबून दिसते, पाण्यातलं डोकं दिसत नाही.

वारा कळायचा कसा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. फक्त एका खुणेची आठवण देतो. दिवसभराच्या उकाड्यानंतर एकदम गार झुळूक आली की माणूस सदऱ्याची बटणं सोडतो. ती झुळूक म्हणजे लांब कोसळणाऱ्या पावसानं पुढं ढकललेली हवा असते आणि तिच्या मागोमाग वादळ येतं. त्या झुळकेला काठ गाठा, जाळं अर्धवट राहिलं तरी. काठ गाठता आलाच नाही तर उभं राहू नका, तळाशी बसा, होडीचं पुढचं टोक वाऱ्याकडे ठेवा. बादली लांब दोरीला बांधून पुढच्या टोकावरून पाण्यात सोडली की ती ओढ धरते आणि होडी आडवी होत नाही.

विजेसाठी 'दामिनी' नावाचं ॲप आहे. आपल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं केलेलं. तुमच्या भोवती २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडत असेल तर ते सांगतं. हवामान खातं जिल्ह्यासाठी पुढच्या ३ तासांचा इशाराही देतं. निघण्याआधी तो बघायचं काम घरातल्या कॉलेजच्या पोराला द्या. मोकळ्या पाण्यावर सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे तुम्ही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी पुन्हा होडी लोटू नका. फोन झाकणबंद पाउचमध्ये, गळ्यात. आणि घरी तीन गोष्टी सांगून निघा : कुठल्या बाजूला, कुणाबरोबर, किती वाजेपर्यंत. ती वेळ टळली की घरच्यांनी आधी शेजारच्या होडीवाल्याला उठवायचं आणि लगेच ११२ लावायचा.

आपल्यापैकी अनेकांचे भाऊबंद हर्णै, दाभोळ, देवगडला दर्यावर जातात, त्यांच्यासाठी थोडं. तिथला प्रश्न वेगळा आहे, कारण किनाऱ्यापासून काही अंतर गेलं की मोबाइल मुका होतो. २०१७ च्या ओखी वादळात हेच झालं. अनेक बोटी आधीच खोल समुद्रात होत्या आणि इशारा त्यांच्यापर्यंत पोचला नाही. केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी बोटी त्या वेळी वाहत-भटकत देवगडच्या आसऱ्याला आल्या. तेव्हा तिथं व्हीएचएफ सेट, म्हणजे बोटीवरून बोलायचा रेडिओ, हवा, संकटाच्या हाकेसाठी असलेल्या १६ नंबरच्या चॅनेलवर लावलेला. इस्रोनं केलेलं संकटसूचक यंत्र, म्हणजे डॅट, हवं. जुन्या यंत्राचं बटण दाबलं की संदेश उपग्रहावरून जायचा, पण तो कुणाला मिळाला का हे बोटीवर कळत नसे. नव्या पिढीच्या यंत्रात उलट निरोप येतो. अंधारात पाणी उपसणाऱ्या खलाशाला तेवढं कळलं तरी हात चालत राहतात. हातात धरायची लाल मशाल, म्हणजे फ्लेअर, जेमतेम मिनिटभर जळते. जहाज दिसल्याशिवाय किंवा इंजिन ऐकू आल्याशिवाय ती पेटवू नये, आणि पेटवताना हात वाऱ्याच्या खालच्या अंगाला, होडीबाहेर धरावा. तिच्यावरची मुदत वाचा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

शेवटी बाहेर काढलेल्या माणसाबद्दल. उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, हे सगळं बंद करा. त्यात वेळ जातो आणि पोटातलं फुप्फुसात जातं. बुडालेल्याला आधी हवा लागते. श्वास नसेल तर उताणं झोपवा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरून तोंडानं पाच वेळा हवा द्या, छाती वर येतेय का बघत. तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात ३० दाब, मग २ श्वास, पुन्हा ३० दाब. दमलात तर दुसऱ्यानं घ्यायचं. तोवर एकानं १०८ लावलेला असावा. आणि माणूस उठून बसला, चहा मागायला लागला, तरी त्याला दवाखान्यात न्याच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो. खोकला थांबत नाही, धाप लागते, झापड येते. ती रात्र त्यानं डॉक्टरांच्या नजरेखाली काढावी. घरी जातो म्हणून तो हट्ट करेल, जाळं पाण्यात राहिलंय म्हणून सांगेल. जाळं शेजारच्या होडीवाल्याला काढायला सांगा.

नमस्कार.