कॅनला तरटाची अंगी

(पहाट. ओसरी. दाभणाच्या नेढ्यात सुतळी ओवणारे हात, अगदी जवळून.)

सुतळीचं टोक दातानं चावून चपटं केलं जातं. मगच ते नेढ्यात जातं. आक्कांनी चष्मा लावलेला नाही, अन् सुतळी पहिल्याच खेपेला ओवली गेली आहे.

परभणी जिल्ह्यातलं हे एक गाव. महिना मे. थोड्या वेळानं ऊन ओसरीवर चढेल, त्याच्या आत एक शिवणकाम उरकायचं आहे. शिवायची आहे अंगी. माणसाची नाही, कॅनची.

(कॅन. पाच लिटरचा, पिवळट पांढरा, कडीला चिंधी गुंडाळलेली.)

हा गोड्या तेलाचा कॅन. तेल संपलं, कॅन राहिला. गावातल्या जवळपास प्रत्येक घरातून असा एक कॅन रोज सकाळी शेताकडे निघतो. फवारणीच्या औषधाचा कॅन मात्र कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला घ्यायचा नाही. हे सांगून पुढे जाऊ.

उघडा कॅन बांधावर ठेवला तर दुपारी काय होतं?

(आक्का, कॅमेऱ्याकडे न बघता: "च्या करावा असं पाणी व्हतंय. पिल्यावर तहान वाढती.")

म्हणून अंगी.

अंगीचं कापड म्हणजे तरट, तागाचं पोतं. आता खताच्या, सिमेंटच्या, सरकीच्या गोण्या सगळ्या प्लॅस्टिकच्या झाल्या. त्यांवर पाणी ओतलं की ओघळून जातं, धाग्यात मुरत नाही. त्यामुळे तागाचं पोतं हुडकावं लागतं. सरकारी धान्य अजून तागात येतं, १९८७चा कायदाच तसा आहे. हे पोतंही रेशनच्या दुकानातून आलं आहे. शिक्का बघा, अर्धा पुसलेला.

(पोतं बादलीत बुडतंय. बुडबुडे.)

कोरं तरट पाणी पीत नाही. गिरणीत ताग नरम करायला तेल लावतात, त्याचा वास आणि तेलकटपणा पोत्यात राहतो. आक्का ते दोन वेळा सोड्याच्या पाण्यात भिजवतात, आपटतात, उन्हात टाकतात. तिसऱ्या खेपेला पोतं पाणी धरू लागतं. हे त्यांना कुणी शिकवलं, असं विचारलं तर त्या हसल्या. ते हसणं आम्ही कापलं नाही.

आता कापणी. पोतं जमिनीवर पसरलं. कॅन त्यावर आडवा ठेवून कोळशानं भोवती रेघ मारली. रेघेच्या बाहेर दोन बोटं जागा सोडली, कारण तरटाचा काठ उसवतो, तो आत दुमडावा लागतो. बुडाचा तुकडा वेगळा. कडीसाठी चीर. तोंडाशी मोकळं.

(टाके. आवाज: दाभण तरटातून जाताना होणारा खर्र असा. बारा सेकंद निवेदन नाही.)

पाहिलंत? शिवण कॅनच्या अंगावरच चालली आहे. आधी पिशवी शिवून मग कॅन आत घातलेला नाही. दर चार टाक्यांनी आक्का गुडघ्यानं कॅन दाबतात आणि सुतळी ओढतात. इतकी, की तरट प्लॅस्टिकला चिकटावं. बाजारात तयार खोळी मिळतात, झिप लावलेल्या, दिसायला छान. त्या सैल असतात. आणि सैल अंगीनं फार काही साधत नाही.

का, ते कळायला जरा भंगारच्या दुकानात जाऊ.

(भंगार दुकान. स्टीलची बाटली पकडीत धरलेली. करवत. ठिणग्या.)

ही स्टीलची बाटली. शाळेच्या दप्तरात, ऑफिसच्या टेबलावर, गाडीच्या खणात असते, तशीच. दुकानदारानं आमच्या हट्टाखातर ती उभी कापली. आत बघा. एक बाटली नाहीच, दोन आहेत. एकीत दुसरी, गळ्याशी फक्त जोडलेली. मधे बोटाच्या नखाएवढीही जागा नाही, आणि त्या जागेत करवत लागेपर्यंत हवासुद्धा नव्हती. बुडाला हा जो ठिपका दिसतो, तिथून हवा ओढून तोंड बंद केलेलं असतं.

ही युक्ती जेम्स ड्यूअर यांची. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते हवेसारखे वायू थंड करून त्यांचं द्रव करत. ते द्रव ठेवायचं कशात? १८९२मध्ये त्यांनी काचेचं दुहेरी भांडं केलं आणि दोन भिंतींमधली हवा काढून टाकली. उष्णतेला पलीकडे जायला काही धरायलाच उरलं नाही. किरणांतून जी जाते ती परतवायला आतून चांदीचा मुलामा दिला. पेटंट मात्र घेतलं नाही. राइनहोल्ड बर्गर या जर्मन काच कारागिरानं तेच भांडं घरगुती वापराचं केलं, १९०४मध्ये कंपनी निघाली, तिचं नाव थर्मॉस. ड्यूअर कोर्टात गेले आणि हरले.

(गावचा चौक. छोटा हत्ती थांबलेला. पाण्याचे जार उतरताहेत.)

गावात येणारा हा थंड पाण्याचा जार त्याच कुळातला, फक्त गरीब भाऊ. याच्या दोन भिंतींत पोकळी नसते, पफ असतो. म्हणजे फेस. फेसाच्या बारीक बारीक घरांत वायू अडकून पडतो, हलत नाही, म्हणून उष्णता सावकाश आत येते. लग्नाला जार, किराणा दुकानात जार, ग्रामपंचायतीत जार.

बाटली काय, जार काय, दोघंही राखणदार. प्लँटमध्ये विजेवर थंड केलेलं पाणी आत घाला, ते राखतील. कोमट घाला, कोमट राखतील. स्वतः थंड काहीच करत नाहीत.

आता परत ओसरीवर या.

(अंगी घातलेला कॅन. आक्का तांब्यानं वरून पाणी सोडताहेत. तरटाचा रंग गडद होत खाली उतरतो.)

ओलं तरट राखण करत नाही, ते थंड करतं. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती जवळ असेल तिथून घेतली जाते. एक ग्रॅम पाण्याला साधारण ५८० कॅलरी. पाच लिटर पाणी १० अंशांनी उतरवायचं तर ५०,००० कॅलरी काढायला हव्यात. भागून बघा, ८६ ग्रॅम येतात. अर्धा पेला पाणी उडालं की कॅनभर पाणी १० अंश खाली. हा कागदावरचा हिशेब झाला. बाहेरचं ऊन उष्णता घालतच असतं, प्लॅस्टिकही ती हळूहळूच सोडतं, त्यामुळे शेतात अर्ध्या पेल्यावर भागत नाही. पण विजेचं बिल शून्यच.

आणि म्हणून टाके घट्ट हवेत. ड्यूअरच्या बाटलीत सगळी किमया मधल्या फटीची. इथे फट पडली की काम बिघडलं. तरट आणि कॅन यांच्यामधे हवा शिरली तर तरट गार पडेल, कॅन नाही. थर्मॉसचा जो मित्र, तो अंगीचा वैरी. आक्कांचा गुडघा कॅनवर का होता, ते आता कळेल.

(आक्का: "लई वल्लं नगं. निथळू दे. टपटप गळालं की वाया गेलं.")

फार ओलं नको, हेही बरोबर. थेंबानं गळून गेलेलं पाणी काहीच थंड करत नाही. उडालं पाहिजे.

(जुना ट्रक. समोरच्या बंपरला टांगलेली पिशवी.)

ही छागल. जाड कॅनव्हासची पिशवी, वर लाकडी बूच. तालुक्याच्या गॅरेजमध्ये एका निवृत्त ड्रायव्हरनं ती अजून जपून ठेवली आहे. आमच्यासाठी त्यांनी ती भरली आणि ट्रकला लावून दाखवली. गाडी धावली की वारा लागायचा आणि पाणी गार. छागल आणि माठ आतूनच पाझरतात, त्यांना वरून पाणी मारावं लागत नाही. सैन्यातल्या जुन्या पाण्याच्या बाटल्यांना बनातीचं आवरण असे, तेही ओलं करायचंच. कॅन पाझरत नाही. त्याला आठवणीनं पाणी घालावं लागतं, हा त्याचा कमीपणा म्हणा. पण कॅन पडला तरी फुटत नाही, आणि बाईमाणसाला डोक्यावर सरपण असताना हातात धरता येतो. माठाचं शूटिंग आम्ही केलं नाही. माठावर सगळेच करतात.

(शेत. पऱ्हाट्यांचे ढीग. लिंबाच्या खालच्या फांदीला टांगलेला कॅन, हलताना.)

कॅन भुईवर ठेवायचा नाही, टांगायचा. भुई तापते आणि बुडाला वारा लागत नाही. फांदीला बांधलेला कॅन वाऱ्यावर झुलतो, चारी बाजूंनी सुकतो. दर तास-दीड तासानं कुणीतरी उठून त्यावर ओंजळभर पाणी मारतं. त्यासाठी वेगळी बाटली असते, बोअरच्या मचूळ पाण्याची. पिण्याचं पाणी अंगीवर घालायचं नाही, हा इथला नियम आहे. मचूळ पाण्याचे क्षार तरटावर बसतात. महिन्याभरात अंगीवर ही अशी पांढरी पुटं चढतात, ती कडक होते, मग पुन्हा धुवायची.

हवा जितकी कोरडी, तितकी अंगी जोरात. मे महिन्यात इथे पारा ४४ अंशांवर गेला आणि हवेत ओल १५ टक्केच असली, तर ओलं कापड २३ अंशांपर्यंत उतरू शकतं. तीच अंगी मुंबईला न्या. ३३ अंश, ओल ७० टक्के. २८च्या खाली ती जाणारच नाही. कोकणात ही विद्या फारशी कामाची का नाही, हे वेगळं सांगायला नको. आम्ही शेतात थर्मामीटर न्यायला हवा होता. राहिला. म्हणून हे बघा.

(दुपार. कॅनचं झाकण उघडतंय. एक मजूर बाई ओंजळीनं पाणी पिते. पाणी हनुवटीवरून गळ्यावर. ती डोळे मिटते. निवेदन नाही. वाऱ्याचा आवाज पूर्ण ठेवा.)

मे महिन्यात इथलं काम सकाळी लवकर सुरू होतं आणि बारापर्यंत आवरतं. तरी उन्हाचा झटका बसून माणसं दवाखान्यात जातात, कधी परत येत नाहीत.

(संध्याकाळ. रिकामा कॅन खुंटीला. अंगी वाळून फिकी झालेली.)

आक्कांनी या उन्हाळ्यात किती अंग्या शिवल्या, हे त्यांनी मोजलेलं नाही. पैसे घेत नाहीत. पोतं ज्याचं त्यानं आणायचं, सुतळी त्यांची. शेजारच्या दोघी सुना बघून बघून शिकल्या आहेत. आक्कांच्या मते त्यांचे टाके अजून लांब पडतात.

(ओसरी. नातू दप्तरातून स्टीलची बाटली काढून पुढे धरतो.)

नातवाला आपल्याही बाटलीला अंगी हवी आहे. उपयोग शून्य. मघाशी कापून पाहिलीच आपण, बाहेरच्या भिंतीला आतल्या पाण्याचा पत्ताच नसतो. बाहेर कितीही गार करा, आत कळायचं नाही. आम्ही हे आक्कांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. उरलेल्या तुकड्यावर बाटली आडवी ठेवली आणि कोळसा उचलला.

(आक्का: "ऱ्हाऊ द्या हो. पडली तर चेपायची न्हाई.")

(दाभण. खर्र. खर्र.)