हाताला गुण

(पहाट. मिरज जंक्शनचा फलाट. काठी टेकत, दांडीला धरत उतरणारी माणसं.)

मिरजेला गाडी थांबली की उतरणाऱ्यांपैकी कुणाच्या ना कुणाच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट दिसतंच. जतहून, अथणीहून, पंढरपूरच्या बाजूनं माणसं येतात. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथं मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं. तेव्हापासून या मुलखात गावच्या डॉक्टरनं हात टेकले की घरातलं कुणीतरी म्हणतं, "मिरजेला नेऊया."

या आजी कवठेमहांकाळच्या बाजूच्या. वय ६८. उभा जन्म उकिडवं बसून भांगलण करण्यात गेला, द्राक्षाच्या बागेत वाकण्या-उठण्यात गेला. आता दोन्ही पाय गुडघ्यातून धनुष्यासारखे बाहेर वाकलेत. गेल्या वर्षापर्यंत त्या देवळात जायच्या. आता न्हाणीपर्यंत जायलाही भिंतीचा आधार लागतो.

दुखणं बरं झालं की आपण म्हणतो, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एका टीमबरोबर आम्ही राहिलो आणि तिथले हात मोजत गेलो.

(ओपीडी. दाराबाहेर बाकावर माणसं दाटीनं बसलेली.)

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना इथं सगळे सर म्हणतात. त्यांची तपासणी दारापासूनच सुरू होते. एक्स-रे टेबलावर तसाच राहतो. "आजी, एवढं त्या खिडकीपर्यंत जाऊन या बघू." पाय टेकताना गुडघा बाहेर झुकतो का, पाऊल कसं पडतं, वळताना हात कुठं जातो, हे ते पाहतात. मग फोटो. तोही उभं राहून काढलेला. झोपून काढलेल्या फोटोत हाडांमधली फट शाबूत वाटू शकते. अंगाचं वजन गुडघ्यावर आलं की खरी अवस्था कळते. आजींच्या गुडघ्यात आतल्या बाजूला फटच उरलेली नाही. कूर्चा, म्हणजे लोक जिला गादी म्हणतात ती, पार झिजून हाडावर हाड आलंय.

आजींच्या मागे नंबर लागलाय ४६ वर्षांच्या एका शिक्षकांचा. त्यांनाही ऑपरेशन करून घ्यायचंय. सर नको म्हणतात. आणि या नकाराला त्यांनी होकारापेक्षा जास्त वेळ दिला. वजन कमी करायला हवं, मांडीचे स्नायू बळकट करायला हवेत, पुढं गरज पडलीच तर हाड कापून पायाचा बाक काढता येईल, सांधा लगेच बदलायला नको. जगभरच्या नोंदींवरून असा अंदाज आहे की बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी ८२ गुडघे २५ वर्षांनंतरही टिकून असतात. पण तरुण माणूस गुडघा जास्त वापरतो, आणि बदललेला गुडघा पुन्हा बदलणं पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी अवघड. शिवाय पाचांतला साधारण एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतरही पुरता समाधानी नसतो. हेही ते सांगतात. रुग्ण समोर बसलेला असताना हे सांगणं सोपं नाही. मला वाटतं, हाताचा गुण सुरीपर्यंत पोचायच्या आधी इथं दिसायला लागतो.

आजींनी एकच विचारलं. "खाली बसाय येईल न्हवं?"

सरांनी गोडगोड उत्तर दिलं नाही. "चालता येईल, दुखणं जाईल, द्राक्षाच्या मांडवातही जाता येईल. पण उकिडवं बसायचं नाही, भुईवर बसायचं नाही. घरी कमोड करून घ्या." आजी गप्प झाल्या. जिनं जन्मभर भुईवर बसून भाकरी थापली, भुईवर बसून देव पुजले, तिला हा सौदा लहान नाही. मग त्या मुलाकडं बघून म्हणाल्या, "चालाय तर येऊ दे."

(जुनी छायाचित्रं.)

गुडघा बदलणं म्हणतात खरं, पण सगळा गुडघा कुणी काढत नाही. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक काही मिलिमीटर तासतात आणि त्यावर धातूच्या टोप्या बसवतात. दोन्हींच्या मध्ये एका विशिष्ट प्लॅस्टिकची चकती. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये या सांध्याला आजचं रूप मिळालं. ते घडवणाऱ्यांत डॉ. चित्तरंजन राणावत होते, मूळचे मध्य प्रदेशातले. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा २००० साली आणि उजवा २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांनीच बदलला. ती बातमी घरोघरी पोचली आणि म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्याला उपाय आहे, हे कितीतरी लोकांना तेव्हा कळलं. पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय गुडघ्यांचा विचार करून इंडस हा देशी सांधा तयार केला. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची सरासरी छापील किंमत दीड लाखाच्या वर होती, ती ५४,७२० रुपये अधिक कर एवढ्यावर आली. आजींच्या मुलाला हिशेब जमवता आला, त्यात या आकड्याचा वाटा मोठा आहे.

(रात्र. निर्जंतुकीकरण विभाग. वाफेचा आवाज.)

उद्याची शस्त्रक्रिया खरं तर इथं आज रात्री सुरू झाली आहे. ज्यांना सगळे मामा म्हणतात ते कर्मचारी नळाखाली एक धातूचा ठोकळा धरून बसलेत. या ठोकळ्याला फटी असतात, त्या फटीतून करवतीचं पातं चालतं. मामा प्रत्येक फटीत बारीक ब्रश घालतात, ठोकळा उजेडाला धरतात, पुन्हा घासतात. कोपऱ्यात हाडाचा कण राहिला, तर वाफही त्याच्या आत पोचेल याचा भरवसा नाही. मग ट्रे भरायचे, दुहेरी कापडात बांधायचे, वर पट्टी चिकटवायची आणि ऑटोक्लेव्हमध्ये १३४ अंशांच्या वाफेत ठेवायचे. बाहेर आल्यावर पट्टीवरच्या तिरक्या रेघा काळ्या झालेल्या असतात, ट्रे वाफेतून गेल्याची ती खूण. एका गुडघ्याला असे पाच-सहा ट्रे लागतात.

रुग्णाला मामांचं नाव कधीच कळत नाही. पण जंतू जर आत गेले, तर ते धातूवर असा थर धरून बसतात की औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मग बसवलेला सांधा काढायचा, सांधा हाडाला घट्ट धरून ठेवणारं जे खास सिमेंट असतं, त्यात अँटिबायोटिक मिसळून त्याचा तात्पुरता ठोकळा आत ठेवायचा, काही आठवडे औषधं द्यायची आणि पुन्हा नवा सांधा बसवायचा. त्या माणसाचं वर्ष त्यातच जातं. शंभरात एखाद-दुसऱ्याच्या वाट्याला हे येतं. टीममधला प्रत्येक जण त्या एखाद-दुसऱ्याला डोळ्यांपुढं ठेवून काम करतो.

(सकाळ. ऑपरेशन थिएटर.)

आजी जाग्या असतानाच सर त्यांच्या उजव्या गुडघ्यावर मार्करनं खूण करतात आणि त्यांच्याच तोंडून वदवून घेतात, कुठला पाय. मग भूल. आजींना बसतं करून, पाठ गोल करून, छातीशी उशी धरायला देतात. समोर उभे राहून एक ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, त्यांचे खांदे धरतात. "आजी, माझ्या खांद्यावर डोकं टेका. हलायचं नाही, झालंच." मागून भूलतज्ज्ञ मॅडम कमरेच्या मणक्यांमध्ये बारीक सुई घालतात. थोड्याच वेळात पाय उबदार, मग जड, मग नाहीसेच झाल्यासारखे होतात. आजी जाग्याच आहेत. मध्ये पडदा आहे. पुढचे दोन तास मॅडम त्यांच्या उशाशी असतील, रक्तदाबावर नजर ठेवत आणि नातवंडांची चौकशी करत.

सुरी लावण्याआधी सगळे थांबतात. रुग्णाचं नाव, कुठला पाय, अँटिबायोटिक दिलं का, सांध्याचे सगळे आकार हजर आहेत का, हे मोठ्यानं वाचलं जातं. मांडीवरचा पट्टा फुगवला जातो, रक्त थांबतं आणि सिस्टर फळ्यावर वेळ लिहितात. पट्टा फार वेळ ठेवता येत नाही. आता सगळ्यांचा हिशेब त्या वेळेशी.

गुडघ्याची वाटी बाजूला सरकली की सांधा दिसतो. आजींच्या मांडीच्या हाडाचं टोक हस्तिदंतासारखं गुळगुळीत झालंय, वर्षानुवर्षं हाडानं हाड घासून आलेली ही झिलई. कडेनं हाडाचे कोंब फुटलेत. ते आधी काढतात. मग ठोकळा पिना मारून बसवतात आणि करवत सुरू होते. मांडीच्या हाडाला ५ ते ७ अंशांचा कल द्यायचा, नडगी काटकोनात कापायची. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत सरळ रेघ ओढली तर ती गुडघ्याच्या मधून जायला हवी. ३ अंशांपलीकडे चूक नको, असं या शाखेत शिकवत आले आहेत. हाडाच्या मागे, जेमतेम बोटभर अंतरावर, पायाची मुख्य रक्तवाहिनी आहे. शिकाऊ डॉक्टर दोन्ही हातांनी रिट्रॅक्टर, म्हणजे आतले भाग बाजूला धरायचं उपकरण, धरून उभा आहे. करवत तिथं पोचू नये म्हणून आडवा आलेला हात त्याचा. अर्ध्या तासात त्याचे दंड भरून येतात, पण पकड सैल होत नाही.

हाड मापानं कापता येतं. खरी परीक्षा बंधांची, म्हणजे सांध्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांची. इतकी वर्षं पाय वाकडा राहिल्यानं आतला बंध आखडलाय, बाहेरचा ढिला पडलाय. सर तात्पुरता सांधा बसवतात, पाय सरळ करतात, वाकवतात, दोन्ही बाजूंना हलकेच ढकलून बघतात. आत थोडं सोडवतात, पुन्हा बघतात. मिरज ही तंबोऱ्याची पेठ. तार जुळवणारा कारागीर खुंटी किंचित पिळतो, कान देतो, पुन्हा पिळतो. सरांची बोटं तसंच काहीतरी करत होती. हे मोजायला आता यंत्रं, रोबोटचे हातही आलेत, मोठ्या शहरांत ते वापरलेही जातात. पण पाय हातात घेऊन बघणं इथं अजून कुणी सोडलेलं नाही.

(जवळून: वाडग्यात कालवलं जाणारं सिमेंट.)

आता सिमेंट. ४० ग्रॅम भुकटी, २० मिलिलिटर द्रव. द्रवाला उग्र, नाकात शिरणारा वास. सिस्टर कालवत राहतात. आधी पातळ, मग चिकट, मग मळलेल्या कणकेसारखं. हातमोज्याला चिकटायचं थांबलं की त्या म्हणतात, "सर, तयार." खोलीतली हवा जरा गरम असली तरी ते लवकर घट्ट होतं, म्हणून उन्हाळ्यात एसीवर सगळ्यांचं लक्ष. सर भूलतज्ज्ञांना सांगतात, "मॅडम, सिमेंट घालतोय." कारण या क्षणी रक्तदाब घसरू शकतो. धातूचे भाग ठोकून बसतात, कडेनं आलेलं सिमेंट खरवडून निघतं. पाय सरळ धरला जातो आणि थिएटर गप्प होतं.

सिस्टरांच्या तळहातावर सिमेंटचा उरलेला एक गोळा आहे. आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून हा गोळा साक्षीला ठेवलेला. आधी त्यात बोट रुततं. मग तो कोमट होतो, मग चांगलाच गरम. तोवर आजींचा पाय कुणी हलवत नाही. काही मिनिटांनी सिस्टर तो गोळा स्टीलच्या ट्रेवर आपटतात. टक्. दगड झाला. सर मान हलवतात आणि पाय सोडतात.

मग धुणं, सलाइनवर सलाइन. शिवण्याआधी मोजणी. एक सिस्टर मॉप, म्हणजे रक्त टिपायचे कापडाचे तुकडे, मोजते, दुसरी फळ्यावरचा आकडा वाचते. आकडा जुळेपर्यंत कुणी टाका घालत नाही, अगदी सरांनी घाई केली तरी नाही. या एका बाबतीत सिस्टरचा शब्द शेवटचा. सकाळपासून ती उभीच आहे, अजून दोन केसेस बाकी आहेत.

(वॉर्ड. दुसरा दिवस.)

भूल उतरली आहे, दुखतंय. फिजिओथेरपिस्ट ताई वॉकर घेऊन येते, तेव्हा आजी तिच्याकडं बघायलाही तयार नसतात. ती शेजारी बसते. आधी पंजा वर-खाली, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. मग टाचेखाली टॉवेलची गुंडाळी आणि गुडघा खाली दाबायचा. लोकांना वाकवण्याची घाई असते. पण पाय पुरता सरळ झाला नाही, तर चाल लंगडीच राहते. घामाघूम होऊन आजी उभ्या राहतात. खाली बघतात. पाय सरळ आहे. त्या काही बोलल्या नाहीत, ताईचा दंड मात्र त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

(सहा आठवड्यांनंतर. ओपीडी.)

आजी काठीशिवाय आत आल्या. खिडकीपर्यंत जाऊन आल्या, न सांगताच. पिशवीतून शेंगांचं गाठोडं काढलं आणि विचारलं, "त्यो पोरगा कुठाय? मला धरल्याला?" चेहरा त्यांना सांगता येईना, त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडाला मास्क होता. तेवढ्यात बाहेरच्या पॅसेजमध्ये कुणाला तरी स्ट्रेचरवर घेताना ब्रदर म्हणाले, "हलायचं नाही, झालंच." आजी खुर्चीतून उठल्या.

डाव्या गुडघ्यासाठी त्यांना द्राक्षाचा हंगाम उरकल्यावरची तारीख हवी होती. सरांनी डायरी उघडली.